आज ना उद्या वाचू

घर हलवून देणाऱ्या कंपनीची माणसं अंदाज काढायला येतात तेव्हा फ्रीज, पलंग, वॉशिंग मशीन यांच्याकडे फारसं बघत नाहीत. त्यांचे दर ठरलेले असतात. ती बघतात पुस्तकांची कपाटं. दार उघडून मागे दुसरी रांग आहे का तेही वाकून बघतात, कारण वाचणाऱ्याच्या घरात एका फळीवर दोन रांगा असतात हे त्यांना अनुभवानं कळलेलं असतं. मग पलंगाच्या पोटात काय आहे, माळ्यावर काय आहे, असे प्रश्न येतात आणि आकडा चढत जातो. कपड्यांसाठी आणलेल्या मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली तर ते खोकं दोघांनाही उचलत नाही. पुस्तकांना खोकी लहान लागतात, आणि लहान खोकी म्हणजे जिन्यावरून जास्त फेऱ्या.

फळीच्या एका फुटाला आठ-दहा किलो, असा साधा हिशोब आहे. तीन फूट रुंद, सहा फळ्यांचं कपाट गच्च भरलं की नुसत्या पुस्तकांचं वजन दीडशे किलोच्या पुढे जातं. इमारतींवरच्या भाराचं जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५चा दुसरा भाग, त्यात राहत्या घराच्या खोलीसाठी चौरस मीटरला दोन किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोनशे किलो भार धरतात. ग्रंथालयात पुस्तकं साठवायच्या खोलीसाठी हाच आकडा सहा किलोन्यूटन आहे, आणि मांडणी २.२ मीटरपेक्षा उंच असेल तर त्याहूनही जास्त. ग्रंथालयाची जमीन घराच्या जमिनीच्या तिप्पट भार पेलणारी हवी, असं या मानकाचं म्हणणं. यात घाबरण्यासारखं काही नाही. पूर्ण खोलीची सरासरी काढली तर भिंतीलगतच्या दोन-चार कपाटांनी घर खचत नाही. खोलीच्या मधोमध पाठीला पाठ लावून कपाटं उभी करण्याची हौस असेल तर मात्र आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं. जुन्या लाकडी तुळयांच्या चाळीत तर ही हौस करूच नये.

या कपाटांसमोर उभे राहून पाहुणे नेमका एकच प्रश्न विचारतात. सगळी वाचलीत? विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण घरधनी ओशाळतो. आतून कुणीतरी, बहुतेक बायको, ‘कसली वाचतायत, नुसती आणून ठेवतात’ असं परस्पर सांगूनही टाकतं. मग ‘आज ना उद्या वाचू’ हे उत्तर येतं. वर्षानुवर्षं तेच येतं.

या ‘उद्या’चा हिशोब एकदा कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. नोकरी, प्रवास, घरकाम आणि मोबाईल सांभाळून महिन्याला दोन पुस्तकं संपवणारा माणूस आज चांगला वाचक समजला जातो. वर्षाची झाली चोवीस. पंचेचाळिशीच्या माणसाला पंचाहत्तरीपर्यंत डोळ्यांनी साथ दिली असं धरलं, तर तीस वर्षांत सातशे वीस. मराठी पुस्तकं फार जाड नसतात, फुटाला बारा-तेरा सहज बसतात. मघाच्या अठरा फुटांच्या कपाटात त्या मापानं सव्वादोनशेच्या आसपास मावतात. न वाचलेली तीन कपाटं घरात असतील तर पंचेचाळिशीच्या माणसाचं उरलेलं वाचन जवळजवळ तिथेच संपलं. चौथ्या कपाटातलं प्रत्येक पुस्तक त्यानं दुसऱ्या कुणासाठी तरी विकत घेतलेलं असतं. कुणासाठी, हे त्यालाही माहीत नसतं.

न वाचलेल्या ढिगाबद्दल आपण बोलतो तेव्हा एक तर आळसाबद्दल बोलतो नाही तर हव्यासाबद्दल. दोन्ही थोडंफार खरं आहे. मराठीपुरतं बघितलं तर मला त्याहून मोठं कारण दिसतं. आपल्याकडे पुस्तक ज्या तऱ्हेनं छापलं, विकलं आणि संपवलं जातं, त्यातूनच हा ढीग तयार होतो. आणि तो फुकट गेलेला पैसा आहे असंही मला वाटत नाही.

आवृत्तीपासून सुरुवात करू. मराठी पुस्तकाची आवृत्ती एके काळी हजार-अकराशे प्रतींची असे. आज कितीतरी प्रकाशक पाचशे छापतात, कुणी तीनशे, कुणी मागणी येईल तशा पन्नास-पन्नास प्रती डिजिटल छपाईवर काढतात. कथा-कादंबरीचं, चरित्राचं नशीब निघालं तर दुसरी आवृत्ती येते. वैचारिक पुस्तक, स्थानिक इतिहास, बोलीचा अभ्यास, छोट्या प्रकाशनाचा कवितासंग्रह, एखाद्या तालुक्यातल्या शिक्षकानं स्वखर्चानं काढलेली आठवणींची वही, यांची दुसरी आवृत्ती निघण्याची शक्यता जवळजवळ नसते. पहिली संपली की पुस्तक बाजारातून गेलं. ‘पुढच्या वेळी घेऊ’ म्हणून खाली ठेवलेलं पुस्तक पुढच्या वेळी नव्हतं, हा अनुभव एकदा आलेला वाचक पुन्हा कधी पुस्तक खाली ठेवत नाही. वेळ मिळेल तेव्हा वाचू, आधी हातात तर असू दे. त्याची खरेदी वाचण्याच्या वेगानं होत नाही, पुस्तक गायब होण्याच्या वेगानं होते.

त्यात प्रकाशनपूर्व सवलत. बाराशेचा ग्रंथ अमुक तारखेच्या आत पैसे भरले तर सातशेला. छपाईचं भांडवल वाचकाकडून आधीच उभं करण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी नागपुरात रीतसर कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव वर्गणीदार मिळवले आणि विसाच्या दशकात कोशाचे २३ विभाग पुरे करून दाखवले. पंडित महादेवशास्त्री जोशी मूळचे गोव्यातल्या सत्तरीचे. त्यांच्या भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड १९६२ पासून १९७९ पर्यंत येत राहिले आणि मध्यमवर्गीय घरांत एकेक करून जमत गेले. वाईहून निघणाऱ्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा यायला नवं शतक उजाडलं. असे कोश घेणारा माणूस ते सलग वाचायला घेतच नाही. पण एक खंड घेतला की पुढचा घ्यावा लागतो, नाहीतर संच मोडतो. ज्या घरात वडिलांनी पहिले सहा घेतले तिथे उरलेले मुलानं घेतले, अशीही उदाहरणं सापडतात. कुणी काय वाचलं ते विचारू नये.

ढिगाला खतपाणी घालणाऱ्यांत मासिकंही आहेत. केशवराव कोठावळ्यांनी जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ सुरू केलं. पुस्तकांची परीक्षणं, लेखकांचे संकल्प, आगामी पुस्तकांच्या जाहिराती, जयवंत दळवींचं ‘ठणठणपाळ’ असं सगळं त्यात असे. ते वाचून माणसं पेन्सिलनं खुणा करायची आणि पुढच्या महिन्यात गिरगावात नाहीतर अप्पा बळवंत चौकात जाऊन उभी राहायची. पुस्तकांविषयीची पुस्तकं तर याहून वाईट. गोविंद तळवलकरांचं ‘वाचता वाचता’, सतीश काळसेकरांचं ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ (याला २०१३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला), नितीन रिंढे यांचं ‘लीळा पुस्तकांच्या’. यातलं एक वाचून संपवलं की ढिगातून एक कमी होतं आणि यादीत वीस वाढतात. काळसेकरांचं मला विशेष वाटतं, कारण ते वाचण्याइतकंच पुस्तक शोधण्याबद्दल, मिळवण्याबद्दल आणि दुसऱ्याला देण्याबद्दल लिहितात. त्यांच्या लेखी पुस्तक ही हातोहात फिरायची वस्तू होती.

मग प्रदर्शनं आणि संमेलनं. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकारानं पुण्यात ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं. आजच्या संमेलनाला जाणाऱ्यांपैकी निम्मे तरी मांडवाकडे न फिरकता थेट ग्रंथदालनात शिरतात, आणि मला ते योग्यच वाटतं. डिसेंबर २०२३ पासून फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर राष्ट्रीय पुस्तक न्यासाचा पुणे पुस्तक महोत्सव भरू लागला. तिथे संध्याकाळी आत शिरायला रांग असते आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कापडी पिशवी असते. मुंबईत हीच गत स्ट्रँडच्या सेलची होती. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये स्ट्रँड चित्रपटगृहात पुस्तकांचा छोटा स्टॉल टाकला, त्याचं पुढे फोर्टमधलं दुकान झालं. चर्चगेटजवळ सुंदराबाई हॉलमधला त्यांचा वार्षिक सेल म्हणजे कित्येक मराठी कारकुनांचा, प्राध्यापकांचा आणि बँकवाल्यांचा वर्षातला एकमेव उधळपट्टीचा दिवस. फेब्रुवारी २०१८ मध्ये स्ट्रँड बंद झालं. त्या सेलमधली न वाचलेली पुस्तकं मुंबईच्या उपनगरांत अजून आहेत. कित्येकांवर किमतीचं लेबलही तसंच आहे.

आणि भेटी. ‘बुके नको, बुक द्या’ ही टूम चांगल्या हेतूनं निघाली. फुलं दुसऱ्या दिवशी टाकून देता येतात, पुस्तक टाकता येत नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांपासून नगरसेवकापर्यंत ज्यांचे ज्यांचे सत्कार होतात, त्यांच्याकडे एकाच चरित्राच्या चार-चार प्रती जमतात. लेखक-समीक्षकांची अवस्था आणखी बिकट. ‘सप्रेम भेट, अभिप्रायार्थ’ असं लिहिलेलं पुस्तक न वाचता ठेवलं तर लिहिणारा संमेलनात भेटतो.

दिवाळी अंकांबद्दल दिवाळी अंकात काय बोलावं! काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी घरात दर ऑक्टोबर-नोव्हेंबरला एक नवी चळत उभी राहते आणि होळीपर्यंत तिच्यातलं निम्मं वाचून होतं. ग्रंथालयं दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी घेतात ती याच हिशोबानं. हा लेख तुम्ही फेब्रुवारीत वाचत असाल तर तुमचं बरं चाललं आहे असं समजा.

टपालाचा भागही यात आहे, आणि तो फारसा कुणी लक्षात घेत नाही. मराठी पुस्तकाचं दुकान जिल्ह्याच्या गावी असलं तर असतं, तालुक्याला बहुधा शालेय पुस्तकं आणि वह्याच मिळतात. तालुक्यातला वाचक टपालावर जगतो. नोंदणीकृत बुकपोस्ट ही त्याची आणि छोट्या प्रकाशकाची मोठी सोय होती. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्यानं ती बंद केली. मग १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली, तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये. हे दर बघितले की माणूस काय करणार ते उघड आहे. एका पुस्तकासाठी वीस-तीस रुपये घालण्यापेक्षा पाच किलोचा गठ्ठाच मागवणार. वाचायचं असतं एक, येतात बारा.

अशी ही पुस्तकं येतात आणि पावसाळा त्यांची वाट बघत असतो. हवेतली आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि मुंबई-कोकण-गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती ऐंशीच्या खाली क्वचितच येते. कसर नावाचा चंदेरी किडा खळीवर आणि डिंकावर जगतो. तो आधी बांधणी खातो, मजकुराकडे उशिरा वळतो. वाळवी मजकूर-बांधणी असा भेद करत नाही. ती भिंतीतून येते, कपाटाची पाठ पोखरते आणि बाहेरून पुस्तकांचे कणे शाबूत ठेवून आतून सगळं फस्त करते. वेखंडाच्या पुरचुंड्या, कडुनिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या हे उपाय घरोघरी चालतात, आणि गोळ्यांच्या वासानं डोकं धरतं हेही घरोघरी माहीत असतं. खरा उपाय एकच, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवणं आणि वर्षातून दोनदा प्रत्येक पुस्तक हातात घेऊन झटकणं. म्हणजे न वाचलेलं पुस्तकसुद्धा वर्षातून दोनदा हाताळावं लागतं, आणि चार पानं त्या वेळी वाचलीच जातात. कित्येकांचं एकेका ग्रंथाशी असलेलं नातं दर दसऱ्याच्या आधी वाचलेल्या या चार-चार पानांचंच असतं. साफसफाईला घेतलेलं कपाट रात्री नऊ वाजेपर्यंत जमिनीवर का पडून राहतं, याचं कारण हेच.

पुस्तक न वाचता त्याची ओळख असणं यालाही काही मोल आहे, हे ज्यांच्या कामातून कळतं ते शंकर गणेश दाते. मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक नोंदवायचं असं त्यांनी ठरवलं आणि मुख्यतः एकट्याच्या बळावर, ग्रंथालयं आणि खासगी संग्रह धुंडाळत ‘मराठी ग्रंथसूची’ तयार केली. पहिल्या भागात १८०० ते १९३७ पर्यंतची पुस्तकं, दुसऱ्यात १९३८ ते १९५० पर्यंतची. लेखक, विषय, आवृत्ती, साल, पृष्ठं, प्रकाशक, किंमत. इतकी पुस्तकं एका माणसानं वाचणं शक्यच नाही. पण ती आहेत, अमुक नावानं आहेत, अमुक साली निघाली, हे त्यांनी लिहून ठेवल्यामुळे एकोणिसाव्या शतकावर काम करणारा आजचा संशोधक पहिल्यांदा दात्यांची सूची उघडतो. सूचीत नाव मिळतं. पुढचा प्रश्न प्रत कुठे मिळेल हा, आणि तिथे गोष्ट पुन्हा माळ्यावर येते.

कायद्यानं बघितलं तर प्रत मिळायला हवी. १९५४च्या कायद्याप्रमाणे देशातल्या प्रत्येक प्रकाशकानं नव्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला, चेन्नईच्या कोनेमारा ग्रंथालयाला आणि दिल्ली पब्लिक लायब्ररीला स्वखर्चानं पाठवायची असते. सगळेच पाठवतात असं नाही. स्वखर्चानं पुस्तक काढणाऱ्या तालुक्यातल्या शिक्षकाला तर असा कायदा आहे हेच ठाऊक नसतं. त्याचं पुस्तक टिकतं ते त्याच्या पन्नास नातेवाइकांच्या आणि शंभर ओळखीच्यांच्या घरी, बहुधा न वाचलेलं, म्हणूनच बऱ्या अवस्थेत.

सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, आणि मोठ्या वयाची आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, पणजीचं आजचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं. यांतल्या अनेकांची कपाटं कुणाकुणाच्या घरून आलेल्या पुस्तकांनी भरत गेली आहेत. १९६७ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात शासनमान्य ग्रंथालयांची संख्या वाढत अकरा-बारा हजारांच्या घरात गेली. त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, वर्गाप्रमाणे अनुदान आहे, आणि ते अपुरं आणि उशिरा येतं ही तक्रार प्रत्येक ग्रंथपालाकडे आहे.

अशा ग्रंथालयात जाऊन ‘वडिलांची दीड हजार पुस्तकं आहेत, देणगी द्यायची आहेत’ असं सांगून बघावं. समोरचा चेहरा पडतो. लोकांना वाटतं, फुकट मिळतंय तर घेत का नाहीत. घेत नाहीत याला कारणं आहेत. आलेलं प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढवायचं, त्याला क्रमांक द्यायचा, वर्गीकरण करायचं, शिक्के मारायचे, संगणकावर नोंद करायची, फळीवर जागा करायची. हे सगळं दीड हजार वेळा, तुटपुंज्या पगारावरच्या एका-दोन माणसांनी. आणि एकदा नोंदवहीत चढलेलं पुस्तक सहजासहजी काढता येत नाही, त्याला निर्लेखनाची रीतसर प्रक्रिया आहे. शिवाय वडिलांच्या दीड हजारांतली हजार त्या ग्रंथालयात आधीच असतात, तीच गाजलेली, तीच दहा-दहा आवृत्त्यांची. उरलेल्या पाचशेंत एखादं असं असतं जे महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे नाही. ते कोणतं, हे ओळखायला ग्रंथपालाकडे वेळ नसतो आणि मुलांना ते कळत नाही. ज्याला कळत होतं तो गेलेला असतो.

ग्रंथालयात पोचलं म्हणजे पुस्तक सुटलं असंही नाही. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५ च्या पुरात आणि पुन्हा जुलै २०२१ च्या पुरात तिथे पाणी शिरलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुरानं सांगलीच्या नगर वाचनालयाचं अपरिमित नुकसान केलं. ओला कागद फुगतो, पानं चिकटतात, दोन दिवसांत बुरशी धरते, चिखल वाळला की पुस्तकाची वीट होते. जुन्या शहरांतली वाचनालयं नदीकाठच्या पेठांत आहेत, कारण शहर तिथेच होतं. अशा वेळी गावातल्या उंच वस्तीत कुणाच्या तरी माळ्यावर पडलेली दुसरी प्रत ही एकमेव प्रत ठरू शकते.

आपला संग्रह पुढे कुठे जाईल याचा ठोस बंदोबस्त झालेला सर्वांत मोठा दाखला बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. १९१७ मध्ये परदेशातून परतताना त्यांनी सामानासोबत पुस्तकं वेगळ्या बोटीनं पाठवली होती. महायुद्ध चालू होतं, पाणतीरानं ती बोट बुडाली आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं गेली. त्यानंतर ते पुन्हा जमवत राहिले. तिसाच्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधलं ते मुख्यतः ग्रंथांना जागा हवी म्हणून. बाबासाहेबांची पुस्तकं न वाचलेल्यांत मोडत नाहीत, त्यांच्या वाचनाच्या आवाक्याशी आपली बरोबरी करण्याचा आगाऊपणा कुणी करू नये. मला इथे महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय, आणि संग्रहातले हजारो ग्रंथ या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांकडे गेले. ज्या मुलांच्या घरी पुस्तकाचं पान नव्हतं त्यांच्या हातात ते पडले. स्वतः संस्था उभी करून तिच्या फळीवर स्वतःचे ग्रंथ ठेवणं हे बाकीच्यांना जमण्यासारखं नाही. पण आपल्यानंतर वाचणारा कोण, हे आधी ठरवणं जमण्यासारखं आहे.

बाकीच्यांची पुस्तकं जातात रद्दीत. रद्दीच्या दुकानात पुस्तकाचे भाग पडतात. पुठ्ठा बांधणीतून फाडून वेगळा, आतला कागद वेगळा, गुळगुळीत आर्टपेपरवरची छायाचित्रांची पानं वेगळी, कारण प्रत्येकाचा भाव निराळा. वर्तमानपत्राच्या रद्दीला पुस्तकापेक्षा बरा भाव मिळतो, कारण तिची पुडी बांधता येते. पण फाडण्याच्या आधी एक टप्पा असतो. जुन्या पुस्तकांचे विक्रेते ठरावीक रद्दीवाल्यांकडे आठवड्याला चक्कर मारतात, ढिगाऱ्यातून वेचतात आणि किलोच्या भावानं घेऊन जातात. मुंबईत हुतात्मा चौकाच्या आसपासचे आणि माटुंग्याचे पदपथ, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या गल्ल्या याच मालावर जगल्या. हल्ली हाच माल व्हॉट्सॲपच्या गटांवर फोटो टाकून विकला जातो. दुपारी फोटो पडतो, पाच मिनिटांत ‘मला हवं’ असे चार निरोप येतात, पहिल्याला मिळतं. किलोत आलेलं पुस्तक तिथे चारशेला जातं आणि मला त्यात वावगं दिसत नाही. त्या विक्रेत्यानं ते लगद्यापासून वाचवलेलं असतं. काय दुर्मीळ आणि काय नाही याचं त्याचं ज्ञान अनेकदा मराठीच्या प्राध्यापकापेक्षा पक्कं असतं, कारण चुकलं तर पैसे त्याचे जातात.

पुस्तकं फिरती ठेवण्याचे प्रयत्नही आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’मध्ये पुस्तकांच्या पेट्या एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जातात, देशाबाहेरच्या मराठी मंडळींपर्यंतही त्या पोचल्या. सातारा जिल्ह्यात भिलारला ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालं, स्ट्रॉबेरीच्या गावात घराघरांतून पुस्तकांची कपाटं आली. हे छान आहे. पण या ठिकाणी चांगली निवडलेली पुस्तकं लागतात. ज्या ढिगाबद्दल आपण बोलतो आहोत तो न निवडलेला असतो.

तरुण मंडळी म्हणतात, हा सगळा कागदाचा प्रश्न आहे. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तकं मिळतात, ऐकायचीही पुस्तकं आली, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत, जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रती तर पोत्यानं मिळतात. खरं आहे, आणि संशोधन करणाऱ्यांवर याचे उपकार आहेत. पण पडद्यावरचा ढीग कागदी ढिगापेक्षा वेगानं वाढतो, कारण तो कुणाच्या पायात येत नाही आणि बायको काही बोलत नाही. मागच्या पिढीच्या पलंगाखाली चारशे पुस्तकं असायची, आताच्या फोनमध्ये चार हजार पीडीएफ असतात. ई-पुस्तक ‘विकत घेतलं’ असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात आपल्याला वाचायचा परवाना मिळतो. तो खात्याला बांधलेला असतो, मुलीच्या किंवा भाच्याच्या नावावर करता येत नाही, रद्दीतही जात नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अॅमेझॉननं किंडलचं पुस्तक संगणकावर उतरवून घेण्याची सोयही काढून टाकली. खात्यातल्या पुस्तकाला दुसरा वाचक मिळण्याची वाट जवळजवळ ठेवलेलीच नाही.

त्यामुळे मी हल्ली वाचनाच्या वेळापत्रकाचा नाद सोडला आहे. त्याऐवजी एक दोनशे पानी वही केली. पहिल्या रकान्यात पुस्तक, दुसऱ्यात ते दुसरीकडे कुठे मिळेल का, तिसऱ्यात कुणाला द्यायचं. गाजलेल्या, पुन्हापुन्हा छापल्या जाणाऱ्या पुस्तकांपुढे काही लिहीत नाही, ती कुठेही मिळतील, जाऊ देत. वेळ जातो तो उरलेल्यांवर. लोकगीतांचे संग्रह ज्यांच्याकडे जायला हवेत अशा एक बाई पीएच.डी. करताहेत, त्यांचं नाव लिहिलं. सहकारी साखर कारखान्यांच्या स्मरणिका अर्थशास्त्राच्या एका तरुण प्राध्यापकानं आनंदानं नेल्या, मी मेल्याची वाट न बघता. भाच्याला विज्ञानकथा हव्यात, पण कादंबऱ्या नकोत. न वाचलेल्यांपैकी काही देण्याआधी घाईनं वाचून काढली आणि त्यातली दोन देववली नाहीत.

संस्कृतिकोशाच्या दहा खंडांपुढचा रकाना अजून कोरा आहे. ज्यांना विचारलं त्यांच्याकडे एक तर आहेत नाहीतर जागा नाही. संच पूर्ण आहे, सातव्या खंडाची बांधणी थोडी सैल झाली आहे, बाकी उत्तम. कुणाला हवा असेल तर फळी दोन फूट मोकळी करावी आणि रिक्षा घेऊन यावं. दुसरा मजला आहे, लिफ्ट नाही.